दारुआचं लाकडी विमान

ऑनसाइटला फ्रान्समध्ये गेलं की वीकेण्डला पॅरिस ठरलेलं. आयफेल टॉवर, दोन फोटो, झालं! मी मात्र शेवटच्या रविवारी दिजाँजवळच्या दारुआला गेले. नाव ऐकून हसू नका. बर्गंडी हा वाइनचा प्रांत असला, तरी इथे लोक येतात ते उडायला.

हँगरमध्ये उभं होतं चार सीटचं 'रोबँ डीआर ४००'. पंख टोकांकडे वर मुरडलेले. सहज टिचकी मारली तर टकटक! अहो, चक्क लाकूड, आणि त्यावर कापड ताणून रंगवलेलं. म्हटलं, मेले आता!

पण या लाकडामागे खानदान आहे. १९४६मध्ये बोन गावात एदुआर जोली आणि त्यांचे जावई जाँ देलेमोंतेज यांनी 'जोडेल' विमानं सुरू केली. जो अधिक देल! पुढे १९५७मध्ये पिएर रोबँ यांनी दारुआत कारखाना काढला आणि देलेमोंतेजना सोबत घेतलं. म्हणून नावात 'डीआर'. डीआर ४०० पहिल्यांदा उडालं १९७२मध्ये. लाकूड हलकं, त्यामुळे छोटं इंजिनही पुरतं. फक्त पावसापाण्यात उघड्यावर ठेवायचं नाही. फ्रान्समधल्या कित्येक पायलटांनी पहिले धडे गिरवले ते यातच. लायसन्स मिळालं की फॅमिलीला घेऊन भटकंतीही यातूनच.

काचेचं छत पुढे सरकवून आत बसलो. साठीच्या पुढचे इन्स्ट्रक्टरकाका शेजारी. वर गेल्यावर खाली द्राक्षमळ्यांच्या रांगा, जणू कंगव्याने भांग पाडलेला. दोन मिनिटं दांडा माझ्या हातात! बोनची रंगीत कौलं वरून बघायची, हा प्लॅन.

आणि समोर ढग खाली उतरले. काकांनी शांतपणे विमान वळवलं. मी हिरमुसले. "दहाच मिनिटं राहिली होती ना! उद्या माझी परतीची फ्लाइट आहे."

"बोन कुठे पळून जात नाही," ते म्हणाले. "आणि शिकाऊ पायलटला मी आधी मागे फिरायला शिकवतो."

मला आमची डेडलाइन आठवली. सगळ्यांना दिसत होतं, जमणार नाही. तरी मीटिंगमध्ये तोंड कुणी उघडलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

बोन राहिलंच. पण पॅरिसहून टीजीव्हीने दिजाँ दीड-पावणेदोन तासांवर. क्लबात आधी विचारून जा, आणि एक दिवस जास्तीचा ठेवा. ढगांसाठी!