पत्त्यांची पेरणी

मेहकर तालुक्यात पैनगंगेच्या काठी एक लहानसे खेडे आहे. रोहिणी नक्षत्र सरत आले होते आणि मृगाची चाहूल लागली होती. ओसरीच्या एका टोकाला आजोबा बियाण्याचा हिशेब करीत बसले होते. दुसऱ्या टोकाला त्यांचा बारा वर्षांचा नातू रंगीत पत्ते मांडून बसला होता. दोघांच्याही कपाळावर सारखीच आठी होती. दोघांचीही अडचण एकच होती. पैसा थोडा होता.

नातवाचे पत्ते राजा-राणीचे नव्हते. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने १९९३ साली ‘मॅजिक : द गॅदरिंग’ नावाचा खेळ काढला. त्यात निरनिराळे पत्ते जमवून, त्यांतून निवडून, प्रत्येकाने किमान ६० पत्त्यांचा आपला कॅट स्वतः बांधायचा असतो. काही पत्ते म्हणजे जमिनी, काही सैनिक, तर काही मंत्र. एका फेरीत एकच जमीन मांडता येते आणि जेवढ्या जमिनी, तेवढाच खर्च करता येतो. दोघांनाही आरंभी २० प्राण असतात. ज्याचे प्राण आधी संपतील, तो हरला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याच्या मामेभावाने आपल्याजवळचे जादा पत्ते त्याला दिले होते. त्यांत एक देखणा अग्निसर्प होता. मुलाने सारा कॅट त्या अग्निसर्पाभोवती बांधला, आणि तो सगळे डाव हरला. अग्निसर्पाला सहा जमिनी लागत. तो रणात उतरेपर्यंत मामेभावाचे बलाढ्य सैनिक दारात येऊन ठाकलेले असत. चांगले पत्ते विकत घ्यावेत, तर काही दुर्मिळ पत्त्यांना बियाण्याच्या पिशवीएवढे पैसे पडतात!

“बाबू, एवढा कसला विचार चालला आहे?” आजोबांनी विचारले. नातवाने सारे सांगितले. आजोबांना खेळ फारसा कळला नाही. पण अडचण मात्र नेमकी कळली.

“आपले रान कोरडवाहू. सगळा कापूसच लावला, तर दिवाळीपर्यंत हाती दमडी येत नाही. म्हणून थोडा मूग पेरायचा. दाणा लहान, पण साठ-सत्तर दिवसांत घरी येतो आणि पोळ्याचा खर्च भागवतो. पीक केवढे येईल हे मागाहून पाहावे. केव्हा येईल ते आधी पाहावे.”

त्या रात्री मुलाने पत्ते पुन्हा लावले. आता रूप न पाहता त्याने खर्च पाहिला. एका जमिनीचे पत्ते पुष्कळ, दोन जमिनींचे त्याहून कमी, तीन जमिनींचे अगदी थोडे. मग त्याने वहीत हिशेब मांडला. पहिल्या फेरीत मांडलेला दोन बळाचा सैनिक दुसऱ्या फेरीपासून हल्ला करतो. कोणी अडविले नाही, तर पाचव्या फेरीपर्यंत चार हल्ले होतात, म्हणजे आठ प्राण गेले. ‘लायटनिंग बोल्ट’ ही वीज एका जमिनीच्या खर्चात तीन प्राण घेते. कॅटात ती चारच वेळा ठेवता येते. चार विजांचे बारा. आठ आणि बारा मिळून बरोबर वीस! चारही विजा दर वेळी हाती येणार नाहीत, म्हणून त्याने तशाच गुणांचे आणखी स्वस्त पत्ते भरले. अग्निसर्प मात्र बाहेर काढावा लागला. त्याने तो हळूच पुस्तकाच्या पानांत ठेवला.

हीच वाट पूर्वी कोणी चोखाळली आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. १९९६ साली अमेरिकेतील अटलांटा येथे पॉल स्लाय हा खेळाडू जे श्नायडर यांनी रचलेला असाच कॅट घेऊन स्पर्धेत उतरला. इतरांनी टाकाऊ ठरविलेल्या पत्त्यांच्या बळावर त्याने दुसरा क्रमांक मिळविला.

दिवाळीत मामेभाऊ गावी आला. पहिला डाव पाचव्या फेरीतच संपला. मामेभाऊ पाहतच राहिला. दुसऱ्या डावात त्याने लहान सैनिकांची वाट अडविली. मुलाने घाईने सारे पत्ते खर्चून टाकले. फेरीला एकच नवा पत्ता मिळतो. हात रिकामा झाला आणि डाव गेला. तिसऱ्या डावात मुलाने दोन विजा हाती राखल्या. मामेभावाचे सहा प्राण उरले, तेव्हा त्या त्याने एकापाठोपाठ टाकल्या.

आनंदाने तो आजोबांकडे धावला. “आजोबा, मग तुम्ही सगळ्या रानात मूगच का नाही पेरीत?”

आजोबा क्षणभर गप्प राहिले. त्या वर्षी ऐन तोडणीच्या वेळी झड लागली होती आणि मुगाच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले होते. पोळा उसनवारीवर साजरा झाला होता. परंतु शिवारात कापूस फुटला होता आणि तूर फुलावर आली होती.

“बाबू, तुझा डाव बुडाला, तर तू पत्ते पिसून पुन्हा बसतोस. माझा डाव वर्षातून एकदाच मांडता येतो.”

मुलाने कॅट खिशात ठेवला. कापसाची ओटी बांधून वेचणीला निघालेल्या आजीमागून तोही शेताकडे चालू लागला.