काट्यांची साक्ष

इंग्लंडमधील सोलिहल येथे १९७१ ते १९८५ या काळात तयार झालेली लँड रोव्हर ‘सीरीज ३’ ही रानवाटांवर चालणारी साधी गाडी. तिच्यात संगणक नाही. चालकासमोर वेगमापक, इंधन व तापमान दाखविणारे दोन काटे आणि काही इशारादर्शक दिवे, एवढाच तिचा संसार. तरीही हे मोजके साक्षीदार काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे न कळल्यास इंजिन गमवावे लागते.

वेगमापकास विजेची गरज नाही. फिरती केबल चुंबक फिरविते, त्या प्रभावाने धातूची वाटी स्प्रिंगच्या विरुद्ध ओढली जाते आणि काटा सरकतो. इंधन व तापमानाचे काटे मात्र विजेवर चालतात. प्रत्येकात तारेचे वेटोळे असलेली द्विधातू पट्टी असते. ती तापून वाकते व काट्यास ढकलते. म्हणूनच हे काटे सावकाश उठतात. टाकीतील फ्लोट इंधनाच्या पातळीप्रमाणे विद्युतरोध बदलतो, तर इंजिनातील सेन्सरचा रोध उष्णतेने कमी होतो. बॅटरीचा दाब सुमारे १२ व्होल्ट असतो व इंजिन सुरू होताच १४ च्या आसपास जातो. या चढउताराने काटे फसू नयेत म्हणून एक लहान स्टॅबिलायझर दोघांनाही सरासरी १० व्होल्ट पुरवितो.

निदानाची किल्ली इथेच आहे. एकाच मालाचे वजन कमी भरले तर व्यापारी पोते तपासतो. प्रत्येक मालाचे कमी भरू लागले तर तराजू तपासतो. तसेच, एकच काटा चुकत असेल तर त्याचा सेन्सर व तार पाहावी. दोन्ही काटे एकदम चढे दिसू लागले तर स्टॅबिलायझर आणि त्याचे अर्थिंग पाहावे. अर्थिंग सुटले की पूर्ण दाब थेट काट्यांपर्यंत पोहोचतो. अशा वेळी नवा सेन्सर आणणे हा व्यर्थ खर्च होय.

दिव्यांचे मौनही पारखून घ्यावे लागते. तेलाच्या दाबाचा दिवा किल्ली फिरविताच लागला पाहिजे व इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. तो मुळीच लागला नाही, तर ते समाधानाचे नव्हे, तपासणीचे कारण आहे. बल्बच गेलेला असू शकतो.

सर्वांत घातक फसवणूक तापमानाच्या काट्याची. गळतीमुळे पाणी निघून गेले आणि सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन भाजत असतानाही काटा निवांत राहू शकतो. तो खोटे बोलत नाही. सेन्सरला स्पर्शणारी उष्णता तेवढी सांगतो.

जैन दर्शनात एका बाजूने घडणाऱ्या ज्ञानास ‘नय’ म्हणतात; तोच नय ‘मीच पूर्ण सत्य’ असा आग्रह धरू लागला की ‘दुर्नय’ होतो. काटा हा नय आहे. त्याच्यासोबत रेडिएटरमधील पाण्याची पातळी, डिपस्टिकवरील तेल, इंजिनाचा आवाज व वास यांचीही साक्ष घ्यावी लागते. दुकानातील गल्ला भरलेला दिसतो तेव्हा उधारीची वही उघडून पाहणाऱ्या घराण्यांना हे निराळे सांगावे लागू नये. लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वी, थंड इंजिनाचे झाकण उघडून पाणी पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.