घुमटाखालची कुजबूज

दोस्तांनो, सोलापूरहून रेल्वेने विजापूरला (२०१४ पासून नाव विजयपुरा) जाणार असाल तर खिडकीजवळची जागा पकडा. स्टेशनजवळ येताच गोल घुमट दिसतो. एकच दिवस हाताशी असेल तर आई-बाबांना सांगा, आधी इथेच, आणि तेही सकाळी लवकर!

ही मुहम्मद आदिलशहाची कबर. तो १६५६ मध्ये वारला. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर, आणि आत आधाराला एकही खांब नाही! एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी तो तोलून धरलाय.

कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा जिना चढताना पाय भरून येतात. आमची आजी तीनदा टेकली, पण वर आलीच. घुमटाच्या सज्जात ती भिंतीला तोंड लावून काहीतरी पुटपुटली. मी पार समोरच्या टोकाला. कानात स्पष्ट आलं, "भूक लागली का रे?" गोल भिंतीच्या कडेकडेने आवाज सरकत येतो, विरत नाही.

तेवढ्यात एक सहल आली. शिट्ट्या काय, आरोळ्या काय! झालं. आजीचं पुढचं वाक्य कुणालाच कळलं नाही. म्हणून म्हटलं, सकाळी लवकर.

दुपारी रिक्षाने मलिक-ए-मैदान तोफ बघा. ही १५४९ साली आपल्या अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) ओतलेली, वजन सुमारे ५५ टन! तोंडाशी सिंहाचा जबडा, त्यात हत्ती. इब्राहिम रोजा मात्र गाडीच्या घाईत उरकू नका, त्याला निवांत तासभर ठेवा.