खालूबारचा अखेरचा चढ

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेल्या वीरांविषयी ज्यांना लहानपणापासून ओढ असते, त्यांना लेफ्टनंट मनोजकुमार पांडे हे नाव एक ना एक दिवस बटालिकपर्यंत घेऊन जाते. तोलोलिंगच्या पायथ्याचे द्रासचे युद्धस्मारक वंदनीयच आहे. परंतु कारगिल युद्धात पांडे लढले ती खालूबारची लढाई समजून घ्यायची, तर कारगिलमधल्या कोंदट खोलीत थंड पाण्यावर भागवून पहाटेच बटालिकची वाट धरावी लागते. सुमारे ४,००० मीटर उंचीचा हंबोटिंग ला ओलांडल्यावर (लडाखीत ‘ला’ म्हणजे खिंड) रस्ता सिंधूच्या खोऱ्यात उतरतो. नदीकाठी जर्दाळूच्या बागा आहेत आणि त्यांच्या माथ्यावर उघडेबोडके उतार, जिथे पाऊल टाकताच दगडगोटे घसरतात आणि चार पावलांत धाप लागते.

सियाचीनची नेमणूक नुकतीच आटोपलेली ११ गुरखा रायफल्सची पहिली बटालियन १९९९ च्या जुलैत अशाच उतारांवरून, ५,००० मीटरांहून उंच असलेल्या खालूबारकडे चढत होती. २ आणि ३ जुलैच्या मधल्या रात्री वाटेतल्या पाकिस्तानी मोर्च्यांवरून मारा सुरू झाला. ते उजाडण्यापूर्वी काबीज झाले नसते, तर सारी बटालियन उघड्यावर सापडली असती. ही कामगिरी पांडे यांच्या प्लाटूनवर, म्हणजे सुमारे तीस जवानांच्या तुकडीवर, सोपवली गेली. पहिल्या मोर्च्यातले दोन आणि दुसऱ्यातले दोन शत्रुसैनिक त्यांनी ठार केले. तिसऱ्यावर चालून जाताना खांद्यात व पायांत गोळ्या लागल्या, तरी चौथ्यावर हातबाँब टाकूनच ते कोसळले, कारण तोवर मशीनगनची फैर कपाळात घुसली होती. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

या युद्धाचा निकाल तोफखान्याने लावला, असे काही अभ्यासक मानतात, आणि अडीच लाखांहून अधिक तोफगोळे, बाँब व अग्निबाण डागणाऱ्या तोफखान्याचे श्रेय कोणीही नाकारू नये. तथापि पायदळ संगराला, म्हणजे दगड रचून केलेल्या मोर्च्याला, भिडू लागले की आपलेच जवान बळी पडू नयेत म्हणून तोफांना तिथला मारा आवरावा लागतो. त्यापुढचा चढ कोणीतरी सर्वांच्या पुढे होऊनच चढावा लागतो, आणि त्या रात्री पुढे झालेल्या अधिकाऱ्याला चोविसावे वर्ष पुरे होऊन आठच दिवस झाले होते.

बटालिकच्या पुढची दाह आणि हनू ही प्रसिद्ध गावे मग राहूनच जातात. सावल्या उतारांवर चढू लागतात, आणि अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत किती तास हाती उरतात, एवढाच हिशेब प्रवाशाच्या मनात घोळत राहतो.