पोकळ वाजणारी लादी

आपल्या कॉलेजच्या जुन्या इमारतीच्या व्हरांड्यात मोझॅकची लादी आहे. ग्रंथालयाच्या दारापासून नोटीस बोर्डापर्यंत ती सरळ गेली आहे. आपण रोज तिच्यावरून जातो; निकालाच्या दिवशी तर तिच्यावर पाय ठेवायलाही जागा नसते. पण तिच्याकडे कोणी पाहत नाही, आणि पाहावे तरी का? लादी ही काही पाहण्याची वस्तू नव्हे.

मी मात्र पाहतो. माझे वडील (आम्ही त्यांना आबा म्हणतो) गेली तीस वर्षे फरशी बसवण्याचे काम करतात. पहिल्या वर्षी ही गोष्ट मी वर्गात कोणाला सांगितली नव्हती. प्रवेशाच्या अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी मोघम ‘बांधकाम’ असे लिहिले होते. आज जे लिहितो आहे, ते त्याही आधीचे आहे. २०२३ च्या मे महिन्यातले. मनात बरेच दिवस अडकून राहिले होते.

बारावीची परीक्षा संपली होती. आबांना एका निवृत्त गुरुजींच्या घरी एका खोलीचे काम मिळाले. हल्ली जो तो व्हिट्रिफाइड टाइल्स मागतो. आरशासारख्या चकचकीत, बसवल्या की लगेच वापरायला तयार. गुरुजींनी मात्र मोझॅकच हवी म्हणून हट्ट धरला होता. जुन्या घरात तीच होती. “उन्हाळ्यात अनवाणी चालायला तिच्यासारखी दुसरी नाही, आणि झिजली तर पुन्हा पॉलिश करता येते,” असे ते म्हणाले. मोझॅकचे काम आबांच्या हाती बऱ्याच वर्षांनी येत होते. त्यांचा चेहरा खुलला. त्या कामाच्या पैशांतून माझी प्रवेशाची फी भरायची असेही ठरले. मग मदतीला मी गेलो नसतो तर कसे चालले असते?

मोझॅक हे आपल्याकडे रूढ झालेले नाव. मूळ शब्द टेराझो, आणि मूळ गाव इटलीतले व्हेनिस. संगमरवराचे काम करताना ज्या कपच्या उरत, त्या फेकून न देता चुन्यात बसवून घासायच्या, अशी तिथल्या कारागिरांची युक्ती होती. म्हणजे ही गरिबाची काटकसर, जी पुढे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात गेली! आपल्याकडे १९२२ साली स्वदेशीच्या वातावरणात मुंबईत ‘भारत’ या नावाने सिमेंटच्या लाद्यांचा कारखाना निघाला, आणि पुढे अशा लाद्या शाळा, इस्पितळे, चाळी, सरकारी कचेऱ्या अशा सगळीकडे पोचल्या. गुरुजींकडे आलेली लादी २५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि २२ मिलिमीटर जाड होती. पण या जाडीतला वरचा पाच-सहा मिलिमीटरचा थर तेवढा दाखवण्याचा. त्यात मकराण्याच्या पांढऱ्या आणि जैसलमेरच्या पिवळ्या दगडाची खडी. खाली सगळे साधे सिमेंट आणि कच. दहा बाय बाराच्या खोलीला अशा सुमारे पावणेदोनशे लाद्या लागतात.

खोलीत काँक्रीटचा कोबा आधीच झाला होता. ठेकेदाराच्या माणसांनी तो घोटून अगदी गुळगुळीत करून ठेवला होता. मला वाटले, बरे झाले, आता नुसत्या लाद्या मांडायच्या! आबांनी कोब्यावर हात फिरवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “निस्ता आरसा करून ठिवलाय. ह्येला धरायचं कशानं?”

गुळगुळीत काँक्रीटला वरचा माल धरत नाही. म्हणून छिन्नी-हातोडीने सगळ्या कोब्यावर जवळजवळ खाचा पाडायच्या. याला टाचे मारणे म्हणतात. मग धूळ झाडून, धुऊन, कोबा पाण्याने तृप्त करायचा; नाहीतर तोच वरच्या मालातले पाणी पिऊन टाकतो आणि माल भुसभुशीत राहतो. हे काम आबांनी मला आणि तात्यांना दिले. तात्या म्हणजे आबांचे बिगारी. नात्याचे नव्हेत, पण मला कळू लागल्यापासून आबांच्या सोबत आहेत. त्यांच्या गुडघ्यांवर नि बोटांच्या पेरांवर सिमेंटने खाल्लेले पांढरे व्रण आहेत. ओले सिमेंट कातडी खाते, हे मी पुस्तकात वाचण्याच्या आधी त्यांच्या हातांवर वाचले होते.

दोन दिवस टाचे मारणे चालू होते. मे महिन्याचे ऊन, वर पत्रा, आणि कानात सतत ती टकटक. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीखालचा कोपरा माझ्या वाट्याला राहिला. माझ्या तळहाताला फोड आले होते. तिथे गुरुजींचे पुस्तकांचे कपाट यायचे होते हे मला ठाऊक होते. मी सात-आठ खाचा पाडल्या, बाकीच्या भागावर नुसती केरसुणी फिरवली आणि वरून सिमेंटचे पाणी सारवून टाकले. सगळीकडे एकच राखाडी रंग झाला. आबांनी दारातून विचारले, “झालं का?” मी म्हणालो, “झालं.”

तिसऱ्या दिवसापासून खरे काम सुरू झाले. पारदर्शक नळीत पाणी भरून आबांनी चारही भिंतींवर पातळीच्या खुणा केल्या. गुण्या लावून कोपरा काटकोनात आहे का पाहिले, दोऱ्या ताणल्या. एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळूचा माल एकेका पट्ट्यात पसरायचा. त्यावर सिमेंटची पातळ पेज ओतायची. मग पाण्यात भिजवून निथळलेली लादी अलगद ठेवून लाकडी ठोकळ्याने ठोकत ठोकत दोरीला आणायची. पेज किती पातळ? आबा म्हणाले, “काकवीवानी. काकवी कशी चमच्यावरनं दमादमानं पडती, तशी.” पुढे कॉलेजात आल्यावर केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याचे नियम माझ्या वाचनात आले. त्यांत हीच पेज मधाइतकी दाट असावी आणि चौरस मीटरला ४.४ किलो सिमेंट लागावे, असे सांगितलेले आहे. आबा चौथी शिकलेले. सरकारचा मध आणि आमच्या ऊसपट्ट्यातली काकवी, दोन्ही एकाच दाटपणाची निघाली, याची मला मोठी गंमत वाटली.

लाद्या बसल्या. दुसऱ्या दिवशी सांध्यांत पातळ सिमेंट भरले, आणि आठवडाभर खोली ओली ठेवली. मग पॉलिशचे मशीन आले. ते भाड्याने आणावे लागते, सोबत चालवणारा माणूसही. आधी साठ नंबरचा दगड, मग एकशे वीस, शेवटी तीनशे वीस. मध्ये बारीक भोके सिमेंटने भरून पुन्हा ओलावा द्यायचा आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची पूड टाकून लोकरीच्या बोळ्याने घासायचे. मशीनचा माणूस वायर जोडत होता, तेवढ्यात आबा म्हणाले, “जरा थांबा.” त्यांनी हातोडीचा दांडा घेतला आणि गुडघ्यांवर बसून एकेक लादी वाजवत निघाले. ठक्, ठक्, ठक्. भरीव आवाज. माझ्या छातीत मात्र निराळीच टकटक चालू होती.

खिडकीखाली आवाज बदलला. ठण्. रिकाम्या डब्यावर वाजावे तसा. एक, दोन, तीन... नऊ लाद्या.

गुरुजींचा मुलगा तिथेच उभा होता. तो म्हणाला, “इथे कपाटच येणार आहे. चालू दे, काही बिघडत नाही.” मला हायसे वाटले. आबा क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “कपाट लादीवर येतंय, साहेब. माझ्या कामावर न्हाई येत.” आणि त्यांनी छिन्नी लावली.

लादी उचलली तर खालचा माल कोब्यापासून पापडासारखा सुटून आला. खाली गुळगुळीत काँक्रीट, वर बारीक धूळ, आणि माझ्या सात-आठ खाचा. आबांनी मान वर न करता विचारले, “ह्या कोपऱ्यात टाचे कुनी मारलं?”

मी तोंड उघडले होते, हे मी शपथेवर सांगतो. पण शब्द फुटला नाही. गुरुजींचा मुलगा म्हणाला, “बिगारी लोकांवर लक्ष ठेवावे लागते, मिस्त्री.” आणि तेवढ्यात तात्या पुढे होऊन म्हणाले, “माझ्याकडनंच ऱ्हायलं आसंल. त्या दिशी डोकं दुखत हुतं.”

त्यांचे डोके दुखत नव्हते. त्या दुपारी ते खोलीत नव्हतेच. बाहेर वाळू चाळत होते. आबांना ते ठाऊक होते, मला ठाऊक होते. तरी मी गप्प राहिलो. गुरुजींच्या मुलाने तात्यांकडे जसे पाहिले, ती नजर माझ्या वाट्याची होती. ती त्यांनी घेतली आणि घमेले उचलून ते माल कालवायला गेले.

मशीन परत गेले. त्या दिवसाचे भाडे आबांनी खिशातून दिले. जास्तीच्या आणलेल्या लाद्यांतून नऊ काढल्या. या वेळी त्या कोपऱ्यात टाचे आबांनी स्वतः मारले. पुन्हा आठवडाभर पाणी, पुन्हा मशीन. शेवटी पॉलिश झाल्यावर ती खोली ओल्या गारगोटीसारखी दिसू लागली. पांढरी नि पिवळी खडी अशी उठून आली की गुरुजी वहाणा काढून बराच वेळ नुसते इकडून तिकडे चालत राहिले. त्या नऊ लाद्या कुठल्या, हे आज मलाही सांगता येणार नाही.

घरी येताना सायकल हातात धरून आबा एवढेच म्हणाले, “छिन्नीचा घाव ज्याचा त्याचा असतो. तात्या डावरा हाय. त्येचं टाचं उलट्या अंगानं पडत्यात.” बस्स. पुढे ना राग, ना उपदेश. तात्यांची हजेरी त्यांनी पुरी लावली होती. माझी फीही वेळेवर भरली गेली.

मित्रहो, मी कला शाखेत शिकतो. इथे आम्ही साहित्यातली माणुसकी, त्याग वगैरे शब्द उत्तरपत्रिकेत सहज लिहितो; मीही लिहिले आहेत आणि त्यांना गुणही मिळाले आहेत. पण ते शब्द लिहिताना मला कधी कधी खिडकीखालचा तो ‘ठण्’ आवाज ऐकू येतो. वरून सारवलेले चटकन दिसत नाही. ते कळते फक्त वाजवून पाहणाऱ्याला, आणि ज्याने सारवले त्याला.

तात्यांना मी आजवर काही बोललो नाही. दिवाळीला पाया पडलो, त्यांनी पाठीवर हात ठेवला, आणि पुन्हा शब्द घशातच राहिला. तात्यांना फारसे वाचता येत नाही. पण त्यांची मुलगी यंदा आपल्याच कॉलेजात अकरावीला आहे, आणि हा वार्षिक अंक तिलाही मिळेल. ताई, हे पान तू घरी तात्यांना मोठ्याने वाचून दाखव. त्या कोपऱ्यातले टाचे माझ्याकडून राहिले होते. तात्यांकडून नव्हे.

आणि यंदाच्या अर्जात तो रकाना मी नीट भरला आहे: ‘फरशी बसवणारे मिस्त्री’.