अब्बांचे कुर्ते

आमच्या टेंभुर्णीत वाकळ शिवताना कापड मोजून कापायची रीत नाही. जुनं लुगडं, लुंगी, विरलेली चादर, घरात असेल ते पसरायचं, कड वाकडी असेल तर दुमडून आत घ्यायची आणि धावदोरा घालत सुटायचं. दुमडीत सगळं झाकलं जातं. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवांदीही अशीच. त्या कोपऱ्यापासून तुकडे दुमडत कडेकडेनं आत येतात. शेवटी चारी कोपऱ्यांना 'फुला', म्हणजे घडी घातलेला तिकोनी तुकडा लावतात. पट्टी नाही, खडू नाही.

मग आम्हा तिघी बहिणींवर तंतोतंत चौकोन कापायची पाळी का आली? अब्बांच्या कुर्त्यांमुळे.

अब्बा दर्जी होते. 2019 साली त्यांचा इंतकाल झाला. चाळिसाव्यानंतर अम्मीनं त्यांचे कपडे गरिबांत वाटले, पण जुम्म्याचे पाच पांढरे कुर्ते मागे ठेवले. अब्बांनी स्वतः शिवलेले. पाच वर्षं ते पेटीत होते. मग एक दिवस अम्मीनं ते बाहेर काढले आणि म्हणाली, "सातों बच्चोंकू एकेक दुलई करो. पर सीधा काटो. तुमारे अब्बाकू टेढा कटेला नइ चलता था."

खरंच चालायचं नाही. त्यांच्या कातरीनं कुणी कागद कापला तर त्या दिवशी ते घरात बोलत नसत.

प्रत्येक दुलईत कुर्त्याचे नऊ चौकोन, सहा इंची; मध्ये छिटाचे. म्हणजे त्रेसष्ट चौकोन. एकेका चौकोनात एक सूत चुकलं तरी आठ चौकोनांत इंचभर फरक पडतो आणि कोपरे जुळत नाहीत. कातरीचं खालचं पातं कापड उचलतं, त्यामुळे विरलेलं मलमल हलतंच. पुण्याच्या भाच्यानं रोटरी कटर आणून दिला. मुठीला गोल पातं, पिझ्झा कापायच्या चाकासारखं. जपानच्या ओल्फा कंपनीनं हे अवजार 1979 साली काढलं. पुठ्ठा कापायचा, टोक मोडत वापरायचा चाकू असतो ना, तोही मूळचा त्यांचाच. कंपनीचं नावच 'मोडायचं पातं' या अर्थाच्या जपानी शब्दांवरून पडलंय. चाक कापडावर दाबून चालतं, कापड उचलत नाही, हा त्याचा मोठा गुण.

आम्ही पहिल्यांदा जुनी चादर फरशीवर पसरून ते चालवलं. पात्याला खाच पडली आणि प्रत्येक फेऱ्यात ठरावीक ठिकाणी दोन-तीन धागे न कापता राहू लागले. तेव्हा कळलं की खाली त्याची खास चटई लागतेच. नवं पातं घातलं, चटई आणली, आणि घाईनं पहिल्या कुर्त्याची पाठ घेतली. जमिनीवर बसून, ओणवं होऊन. अर्ध्यात पट्टी सरकली. पाठीच्या मधोमध चांगलं बोटभर वाकडं गेलं. तिघींपैकी कुणी वर बघेना. अम्मी आली, तो तुकडा उचलून घेऊन गेली. बोलली नाही, हेच जास्त लागलं.

त्यानंतर आठवडाभर आम्ही फक्त उसवत होतो. जाड शिवणीवरून चाक उड्या मारतं, म्हणून आधी सगळी शिवण काढायला हवी. अब्बांची शिवण निघता निघेना! टाके इतके बारीक की सुईचं टोकही शिरेना. एका घेराच्या दुमडीत आतलं कापड कोरं पांढरं निघालं, बाहेरचं पिवळट. ते बघून धाकटी उठून मोरीत गेली आणि बराच वेळ आली नाही.

मग नीट काम धरलं. कापडाला हलकी खळ, इस्त्री, उभा धागा पट्टीच्या रेघेला लावलेला. उरेब धरलं तर जुनं कापड ताणतं. चटई स्वयंपाकाच्या ओट्यावर, आम्ही उभ्या. डाव्या हाताची बोटं पट्टीवर, करंगळी मात्र पट्टीबाहेर कापडावर. तिनंच पट्टी सरकायची थांबते. पातं सरळ उभं, पट्टीला चिकटून, नेहमी अंगापासून दूर. अर्ध्यावर थांबायचं, पातं तिथंच ठेवून हात पुढं सरकवायचा, मग उरलेलं. करवतीसारखं मागं-पुढं केलं की कड पिंजते. नव्या छिटाच्या चार घड्या निघतात, या कापडाच्या दोनच. आणि दर वेळी पातं झाकायचं. मोठीनं एकदा झाकलं नाही, अंगठ्याला तीन टाके पडले. रक्त कुर्त्यावर पडलं नाही म्हणून तीच 'अलहम्दुलिल्लाह' म्हणत होती, काय म्हणावं!

मधे मधे पात्यामागची लव पुसून मशीनच्या तेलाचा थेंब द्यावा लागला. अम्मी चष्मा लावून प्रत्येक चौकोन दुसऱ्यावर ठेवून बघायची. बाहेर सूतभर दिसलं तर बाजूला.

कोपर, मान, बगल विरलेली होती, ती सोडावी लागली. एकसष्ट चौकोन निघाले. दोन कमी पडले. ते अब्बांच्या पायजम्यातून काढले आणि सर्वात धाकट्या नातीच्या दुलईत लावले. तिला ठाऊक आहे, ते दोन कोणते ती पाहुण्यांना दाखवते.

तो वाकडा तुकडा अम्मीनं स्वतःच्या वाकळीत लावलाय, डोक्याकडच्या बाजूला. कड दुमडून.