तीनशेचे साडेचारशे

परळी वैजनाथ हे ज्योतिर्लिंगाचं गाव आणि औष्णिक वीज केंद्राचंही. नांदेडहून लातूरला जाणारी रेल्वे इथूनच जाते. १९७१ पासून इथं कोळशावर वीज तयार होते. जुने संच निवृत्त झाले, आता २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. इथल्या प्रदूषणाचा विषय निघाला की सगळे राखेबद्दल बोलतात. साहजिक आहे, राख दिसते, पत्र्यावर साचते. मला मात्र चिमणीतून निघणाऱ्या दुसऱ्याच गोष्टीनं पछाडलंय. नायट्रोजनचे ऑक्साइड, म्हणजे नॉक्स. लातूरच्या मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "जे दिसतच नाही, त्याच्यासाठी कोण भांडणार बाबा?"

हा नायट्रोजन काही कोळशातून येतो, काही थेट हवेतून. आपल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण भट्टीत तापमान खूप वाढलं की त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो. बाहेर पडल्यावर उन्हात त्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो आणि फुप्फुसात खोल शिरणारे नायट्रेटचे सूक्ष्म कणही. ओझोन दमेकऱ्यांना छळतो, पिकांनाही सोडत नाही. आणि ओझोन सहन न होणाऱ्या पिकांत सोयाबीन येतं, हे वाचलं तेव्हा मी थबकलो. लातूर-नांदेडच्या शिवारात खरिपाला दुसरं असतं काय!

उपाय जुने आणि माहितीतले आहेत. सगळी हवा एकदम द्यायची नाही. बर्नरपाशी थोडी कमी, उरलेली वरून. म्हणजे ज्वाला फार तापत नाही आणि कोळसाही पूर्ण जळतो. यासाठी पाणी जवळजवळ लागत नाही. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवाव्या लागलेल्या केंद्रासाठी ही छोटी गोष्ट नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर धुरात अमोनिया किंवा युरिया फवारायचा. हो, आपल्या शेतातलाच युरिया. नॉक्सचं पुन्हा नायट्रोजन आणि पाणी होतं. जोडीला उत्प्रेरक असेल तर बहुतेक नॉक्स जातो, पण आपल्या कोळशात राख फार आणि ती उत्प्रेरक झिजवते.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं नियम केला : २००४ ते २०१६ दरम्यान उभारलेल्या संचांनी एक घनमीटर धुरामागे ३०० मिलिग्रॅमच्या आत राहायचं. मुदत दोन वर्षांची होती, ती २०२२ पर्यंत लांबली. मग ऑक्टोबर २०२० मध्ये मर्यादाच ४५० झाली. परळीचे तिन्ही संच याच गटातले.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. टेस्ट फेल व्हायला लागली की टेस्टमधला आकडा वाढवायचा, ही युक्ती आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. कोड तसाच राहतो.

बदलामागे युक्तिवाद होता आणि तो पोकळ नाही. पूर्ण भारावर अनेक संच ३०० च्या आत राहतात, पण भार कमी केला की कोळशाच्या मानानं हवा जास्त होते आणि नॉक्स वाढतो. दुपारी सौर वीज येते तेव्हा भार कमी करावाच लागतो. म्हणजे सौर वीज वाढेल तशी ही अडचणही वाढणार. पण मग हा बऱ्याच अंशी कंट्रोलचा प्रश्न झाला ना? कोणत्या भाराला, कुठल्या झडपेतून, किती हवा. असे प्रश्न सुटतात. म्हणूनच मर्यादा वाढवून तो बाजूला सारणं मला जास्त खटकतं.

राखेसाठी रस्त्यावर उतरता येतं, कारण मूठभर राख अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवता येते. नॉक्सची मूठ भरता येत नाही. मामाच्या प्रश्नावर माझं उत्तर एवढंच आहे, की इथं भांडण आकड्याचं आहे आणि आकडे वाचणाऱ्यांनीच ते करायचं आहे. तीनशेचे साडेचारशे झाले तेव्हा आपल्यापैकी कितीजणांना कळलं?